लढाईचा खर्च कोणाच्या माथी

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नाशिककरांना या गोष्टीचे मोठे कौतुक. बाहेरगावचा पाहुणा आला, की काळाराम मंदिर, गोदाघाट आणि पांडवलेणी यांच्या जोडीला ‘आपल्याकडे नोटा छापतात’ हेही आवर्जून सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या नोटांनी काय केले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. १९३९ साली हिंदुस्थानात साधारण १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. १९४५ पर्यंत हा आकडा बाराशे कोटींच्या आसपास गेला. ब्रिटिश सरकार येथून धान्य, कापड, तंबू, बूट, दारूगोळा आणि माणसे युद्धासाठी उचलत होते; त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या, म्हणजे ब्रिटिश चलनाच्या, रूपाने नुसती खात्यावर जमा होत होती आणि त्या जमेच्या आधारावर येथे नव्या नोटा काढून बाजारात सोडल्या जात होत्या. माल युद्धावर गेला, नोटा येथे राहिल्या आणि भाव दुपटीच्याही पुढे गेले. ज्यांच्याकडे विकायला माल होता त्यांनी पैसा केला; ज्यांच्याकडे विकायला केवळ दोन हात होते त्यांची मजुरी जेमतेम हलली आणि ज्वारी-तांदूळ त्यांच्या आवाक्याबाहेर गेले. १९४३ मध्ये बंगालात उपासमारीने आणि पाठोपाठच्या रोगराईने सुमारे ३० लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. त्यांत मोठा भरणा भूमिहीन शेतमजूर, मच्छीमार आणि गावोगावच्या कारागिरांचा होता. त्या गावांवर शत्रूची फौज चालून आली नव्हती. युद्धाचा खर्च तेवढा त्यांच्या घरात शिरला होता.

छापखान्यातल्या कामगारांचा यात काही दोष नव्हता. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या हातून निघणारी नोट दूरच्या कोणत्या घरातला घास कमी करणार आहे, हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. पण आपल्याला आज ते ठाऊक आहे, आणि म्हणूनच युद्धाचा विषय निघाला, की मी पहिला प्रश्न हाच विचारतो : याचा खर्च कोणाच्या माथी पडणार? सरहद्द, इतिहास, अपमान, सूड यांवर बोलायला पुष्कळ माणसे असतात. या प्रश्नावर बोलायला फार कमी असतात, आणि ज्यांनी सर्वांत आधी बोलायला हवे ते कामगार त्या वेळी बहुधा गप्प असतात.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका मध्यम आकाराच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. २०२५ च्या मे महिन्यात, भारत आणि पाकिस्तान यांच्यात लढाई पेटली त्या दिवसांत, आमच्याकडे वेतनकराराची बोलणी चालू होती. आधीचा करार केव्हाच संपला होता. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठेवला गेला. महाराष्ट्राच्या यादीत नाशिक, मनमाड आणि सिन्नर ही आमच्या जिल्ह्यातली तिन्ही नावे होती. त्या दिवशी उपाहारगृहातला दूरचित्रवाणी संच दिवसभर चालू ठेवण्यात आला, एरवी तो जेवणाच्या सुट्टीपुरताच लावतात. पडद्यावर सायरन वाजत होते, निवेदक ओरडून बोलत होते आणि आम्ही ताटे पुढ्यात घेऊन मान वर करून बघत होतो. संध्याकाळी युनियनच्या प्रतिनिधींना व्यवस्थापनाने बोलावून सांगितले, की देशापुढे असा प्रसंग उभा असताना पगारवाढीचे बोलणे शोभत नाही, आपण हे पुढे ढकलू. आमच्या माणसांनी ते मान्य केले. मलाही त्या क्षणी त्यात काही गैर वाटले नाही, कारण आमच्यातल्या कित्येकांच्या घरचे कोणी ना कोणी सैन्यात आहे आणि त्या रात्री प्रत्येकाचा जीव टांगणीला लागलेला होता. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. उपाहारगृहातला संच पुन्हा जेवणापुरता लागू लागला. बोलणी मात्र पावसाळा सरला तरी सुरू झाली नाहीत, आणि मालकांनी त्या काळात आपल्या गिऱ्हाइकांना लावायचे दर पुढे ढकलल्याचे काही आमच्या ऐकिवात नाही.

ही एका कारखान्यातली लहानशी गोष्ट आहे, आणि केवळ तेवढ्यावरून सिद्धान्त मांडणे योग्य होणार नाही. पण त्यानंतर मी जुने वाचत गेलो तेव्हा दिसले, की हे असेच घडत आलेले आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर घडत आलेले आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले आणि ३ नोव्हेंबरला मालक व कामगार यांच्या संघटनांनी औद्योगिक शांततेचा ठराव केला. उत्पादन थांबू द्यायचे नाही, संप करायचा नाही, जादा काम करायचे, असे कामगारांनी कबूल केले; किमती स्थिर ठेवण्याचीही हमी त्या ठरावात होती. कामगारांनी आपला शब्द पाळला, एकेका दिवसाचा पगार संरक्षण निधीला दिला. किमतींनी मात्र हमीकडे पाहिले नाही. पुढे दोन महिन्यांनी, ९ जानेवारी १९६३ रोजी, भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवण्यास बंदी झाली. नाशिकच्या सराफ बाजारासारख्या देशभरच्या पेठांमध्ये दुकानाच्या मागच्या खोलीत बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, पुढ्यात घेऊन, फुंकणीने ज्योत फुंकत बसणारा जो कारागीर असतो, त्याच्या हातात दुसरे कसब नव्हते. चौदा कॅरटचे सोने कडक. त्यावर त्याची पिढीजात नक्षी उमटेना आणि गिऱ्हाईकही ते घेईना. हजारो सोनार घरी बसले, कित्येकांनी जीव दिला. दुकानदाराकडे निदान गाठीला काही होते. सीमेवरच्या लढाईचा घाव कुठे जाऊन बसला, ते पाहिले म्हणजे सत्तेला त्यागाची गरज लागते तेव्हा ती तो कोणाकडून मागते, हे कळते.

यापेक्षाही मला अस्वस्थ करणारी गोष्ट १९७४ ची आहे. मनमाड, इगतपुरी आणि नाशिकरोड ही रेल्वेची गावे. त्या वर्षीच्या ८ मे रोजी देशभरातल्या सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा येथील वसाहतीही त्यात उतरल्या. मागण्या साध्या होत्या : आठ तासांचे काम, बोनस, इतर सार्वजनिक उद्योगांच्या तोडीचे वेतन. इंजिनवरच्या माणसांना त्या काळी सलग किती तास राबवले जाई, हे वाचले तर आजही विश्वास बसत नाही. संप सुरू होण्यापूर्वीच, २ मे रोजी, जॉर्ज फर्नांडिस यांच्यासह नेत्यांना अटक झाली, हजारो कामगार तुरुंगात गेले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, कुटुंबांना क्वार्टर्समधून बाहेर काढण्यात आले आणि २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. आता यात युद्धाचा संबंध कुठे आला, असे कोणी विचारील. संबंध असा, की संप बेकायदा ठरवण्यासाठी जे भारत संरक्षण नियम वापरले गेले, ते बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी, डिसेंबर १९७१ मध्ये पुकारलेल्या आणीबाणीच्या आधारावर उभे होते. ते युद्ध १३ दिवसांत संपले. त्याच्यासाठी लावलेली आणीबाणी १९७७ पर्यंत उठली नाही. म्हणजे शत्रू शरण येऊन अडीच वर्षे लोटल्यावर, त्याच्यासाठी उपसलेली तलवार मनमाडच्या रेल्वे खलाशावर आणि इगतपुरीच्या इंजिनचालकावर चालवली गेली. युद्धकाळात सत्ता जे अधिकार हाती घेते ते युद्ध संपल्यावर आपण होऊन परत देत नाही. ते तिच्याकडून मागून घ्यावे लागतात, आणि मागणारे तेव्हा तुरुंगात असतात.

असे अधिकार हाती घेण्यासाठी आता प्रत्यक्ष युद्धाचीही गरज उरलेली नाही. आयुध निर्माणींचे, म्हणजे सरकारी शस्त्र कारखान्यांचे, कंपन्यांमध्ये रूपांतर करण्याच्या निर्णयाविरुद्ध कामगारांनी २०२१ मध्ये संपाची हाक दिली, तेव्हा जून अखेरीस अध्यादेश आणि ऑगस्टपर्यंत एका वर्षाच्या मुदतीचा कायदा झाला : संरक्षण उत्पादनातला संप सरकार बेकायदा ठरवू शकेल, त्यात भाग घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत आणि चिथावणी देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळ आणि वरणगावच्या निर्माणींतले कामगार त्यात आले. देशासाठी काडतूस बनवणाऱ्या माणसाला स्वतःच्या नोकरीच्या भवितव्यावर काम थांबवण्याचा हक्क तेव्हा उरला नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या.

लढणाऱ्या माणसाविषयीही बोलले पाहिजे, कारण युद्धाला विरोध म्हणजे जवानाचा अवमान, असा आरोप लगेच होतो. देवळालीच्या छावणीमुळे नाशिकला सैनिक परका नाही. तोफखान्याच्या सरावाचे आवाज ऐकत आमच्या भागातली मुले मोठी झाली. पहिल्या महायुद्धात १३ लाखांच्या आसपास हिंदी माणसे इंग्रजांच्या फौजेतून गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूत येथे वेढ्यात अडकलेल्या पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. उपासमारीने टेकीला येऊन २९ एप्रिल १९१६ रोजी ती फौज शरण गेली आणि त्यानंतर कैदेतल्या पायपिटीत किती मेले याला गणती नाही. ती मुले टायग्रिस नदीच्या काठी का गेली होती? घरची जमीन तुकड्या-तुकड्यांची, सावकाराचे देणे डोक्यावर आणि पलटणीचा पगार दरमहा निश्चित. गिरणीत जाणाऱ्या भावाला जे कारण होते, तेच पलटणीत जाणाऱ्या भावाला होते. सैनिक हा गणवेशातला कामगारच आहे, हे मी त्याचा मान राखूनच म्हणतो आहे.

आज तर हे साम्य कागदावरही उतरले आहे. जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत मुलगा चार वर्षांसाठी भरती होतो आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीतले फार तर २५ टक्के कायम होतात. उरलेल्यांना एकरकमी सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन मिळत नाही. आमच्या कारखान्यातली कंत्राटी मुले हा हिशेब ऐकताच ओळखतात, कारण त्यांना ठेकेदार याच पद्धतीने ठेवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीच्या तोफखाना केंद्रात सराव चालू असताना तोफगोळा फुटून दोन अग्निवीर मेले. दोघेही विशीच्या उंबरठ्यावरचे. एकाच तोफेवर काम करताना कायम जवान मेला तर त्याच्या घराला जन्मभराचा आधार आणि अग्निवीर मेला तर वेगळा हिशेब, हा भेद ज्यांनी केला त्यांना जवानांविषयीच्या कळवळ्यावर बोलण्याचा अधिकार किती, हे वाचकाने ठरवावे. याच काळात महिन्याला सव्वा लाखाच्या वर पगार मिळेल, या आशेने हरियाणा-उत्तर प्रदेशातले गवंडी आणि सुतार युद्ध चालू असलेल्या इस्रायलमध्ये गेले. काही भारतीय तरुण मदतनिसाचे काम म्हणून रशियात गेले, ते थेट युक्रेनच्या आघाडीवर पोहोचले आणि त्यांतले काही तेथेच मेले. बेकारी इतकी वाढवून ठेवायची, की माणसाने आपण होऊन दुसऱ्याच्या युद्धात उतरावे : शोषण आणि युद्ध यांची सोयरीक याहून स्पष्ट कशी दिसणार?

दूरच्या युद्धाचा आपल्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्याने पहाटे गिरणाऱ्याच्या मजूर नाक्यावर यावे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरून आलेली माणसे, त्यांत निम्म्या बाया, डोक्याला रुमाल बांधून, जेवणाचा डबा कापडात गुंडाळून उभी असतात. बागायतदाराची पिकअप येते, भाव ठरतो आणि माणसे मागे चढतात. छाटणी, विरळणी, डिपिंग, खुडा असे द्राक्षबागेचे सगळे हंगाम या हातांवर चालतात. गाझातल्या युद्धापाठोपाठ २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, द्राक्षाच्या कंटेनरचा प्रवास लांबला आणि भाडे कित्येक पटींनी चढले. निर्यातदाराने ते शेतकऱ्याला दिलेल्या भावातून कापले, शेतकऱ्याने मजुरीतून. नाक्यावरच्या बाईच्या खाली कापून घ्यायला कोणी नसते.

आता ज्या प्रश्नावर मी सर्वांत अधिक विचार केला आहे, आणि ज्यावर नाशिकच्या कामगाराला उत्तर द्यावेच लागेल, त्याकडे येतो. ओझरला १९६० च्या दशकात मिग विमानांचा कारखाना आला. पुढे तेथे सुखोई बनली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे बनलेल्या पहिल्या तेजसने उड्डाण केले. निफाड-दिंडोरी तालुक्यांतल्या कित्येक घरांत पहिला पक्का पगार या कारखान्याने आणला, आणि अंबड-सातपूरचे लहान कारखाने अशा मोठ्या उद्योगांच्या कामावर जगतात. मग युद्धाला विरोध करणारा कामगार स्वतःच्याच पोटावर पाय देत नाही का?

आमच्या तपासणी टेबलावर एक ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट येते. तळहाताएवढे, चार भोकांचे, वजनाला हलके. माझे काम असे, की प्रत्येक भोकात प्लग गेज, म्हणजे भोकाचे माप तपासणारी दांडी, घालून पाहायचे. गेजची ‘गो’ बाजू सहज आत गेली पाहिजे आणि ‘नो-गो’ बाजू तोंडाशीच अडली पाहिजे. माझ्या आधी एक कंत्राटी मुलगा तिकोनी स्क्रेपरने कडांची बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची धार, काढतो. बर बारीक असते, बोटाला लागल्याशिवाय कळत नाही, आणि हातमोजा घातला तर लागत नाही, म्हणून तो हातमोजा घालत नाही. त्याच्या अंगठ्यावर कायम चिकटपट्टी असते. ड्रॉइंगवर भागाचा क्रमांक असतो, नाव नसते. हा भाग शेवटी कशात बसतो, ते त्याला माहीत नाही आणि मलाही कोणी अधिकृतपणे सांगितलेले नाही. एक हजारांश मिलिमीटरचा हिशेब आमच्याकडून घेतला जातो, पण आपल्या कामाचे पुढे काय होते, हे विचारणे मर्यादेबाहेरचे मानले जाते. शोषण म्हणजे केवळ कमी पगार नव्हे, हे मला त्या टेबलाने शिकवले.

स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडच्या रोल्स-रॉइस कारखान्यातील कामगारांना मात्र आपल्या पुढ्यात काय आले आहे ते कळले होते. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीच्या लष्कराने निवडून आलेले अध्यक्ष साल्व्हादोर आयेंदे यांची राजवट उलथली. राजधानीतल्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर हॉकर हंटर विमानांनी बॉम्ब टाकले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याच विमानदलाची इंजिने दुरुस्तीसाठी ईस्ट किलब्राइडला आली, तेव्हा बॉब फुल्टन या तपासनिसाने ती ओळखली आणि त्यांना हात लावण्यास नकार दिला. त्याच्यामागे सगळे कामगार उभे राहिले. इंजिने खोक्यांत भरून अंगणात ठेवली गेली आणि चार वर्षे पावसात गंजत राहिली. १९७८ मध्ये ती रातोरात उचलून नेली गेली. हंटर हे विमान आपल्यालाही परिचित आहे. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे रोखले ते याच जातीच्या विमानांनी. यंत्र तेच. एकदा ते आक्रमण रोखते, एकदा स्वतःच्याच जनतेच्या सरकारवर उलटते, आणि या दोहोंत फरक करण्याची जबाबदारी केवळ आदेश देणाऱ्यांवर सोडून चालणार नाही, असे त्या स्कॉटिश कामगारांनी ठरवले. फुल्टन माझ्यासारखाच तपासणी विभागातला माणूस होता, याचे मला विशेष वाटते.

पोटाच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर इंग्लंडमधल्या ल्यूकस एरोस्पेसच्या कामगारांनी दिले. विमानांचे आणि शस्त्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या या कंपनीत कामगार कपातीचे वारे वाहू लागले, तेव्हा तेथील युनियनच्या प्रतिनिधींनी कारखान्या-कारखान्यांत विचारणा केली : आपल्याकडे ही यंत्रे आहेत, हे कसब आहे, तर आपण दुसरे काय बनवू शकतो? १९७६ च्या जानेवारीत त्यांनी सुमारे १५० वस्तूंची योजना पुढे ठेवली. त्यात मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी यंत्रे होती, हीट पंप होते, विजेवर आणि इंधनावर अशा दोन्ही प्रकारे चालणाऱ्या गाडीची कल्पना होती, रस्त्यावर आणि रुळांवर चालणारे वाहन होते. व्यवस्थापनाने ती फेटाळली. आज त्यांतल्या कित्येक वस्तू जगभर विकल्या जातात. युद्धाचे काम गेले, की कामगार उपाशी मरेल, हे विधान मालकाच्या तोंडी ठीक आहे, कारण काय बनवायचे ते तोच ठरवतो. कामगाराने ते आपले म्हणून बोलू नये. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते आणि ग्रामीण रोजगार हमीसाठी ८६ हजार कोटी. शाळा, दवाखाने, पाणलोट, रेल्वे यांत तेवढ्याच पैशात अधिक हातांना काम मिळते, कारण ही कामे माणसांवाचून होत नाहीत. आणि देशासाठी विमान बनवणाऱ्यालाही न्याय आपोआप मिळतो असे नाही : ओझरसह हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या देशभरच्या कामगारांना अधिकाऱ्यांच्या तोडीच्या वेतनवाढीसाठी १४ ऑक्टोबर २०१९ रोजी बेमुदत संपावर जावे लागले होते.

कोणतेच युद्ध न्याय्य नसते, असे मी म्हणत नाही. अल्जीरिया किंवा व्हिएतनाममधल्या शेतकऱ्याने परकी फौजेविरुद्ध शस्त्र उचलले, त्याला शांततेचा उपदेश करणारा मी कोण? हिटलरला थोपवणे आवश्यक होते. कोणी चालून आले तर गाव राखायला सर्वांत पुढे कष्टकरीच उभा राहतो. त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसतो. पण बहुतेक युद्धांत चालून येणाऱ्या आणि अडवणाऱ्या अशा दोन्ही बाजूंच्या कामगारांना कोणीच काही विचारलेले नसते. लाहोरच्या वीटभट्टीवरचा मजूर आणि सिन्नरची बिडी वळणारी बाई यांचे एकमेकांशी भांडण नाही.

१९१४ मध्ये हे युरोपातल्या कामगार पक्षांना ठाऊक होते, आणि तरीही ते ढासळले. हा भाग टाळून पुढे जाणे मला पटत नाही. १९१२ च्या नोव्हेंबरात स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे जमून त्यांनी युद्ध रोखण्याच्या आणाभाका घेतल्या होत्या. ३१ जुलै १९१४ रोजी पॅरिसमध्ये युद्धविरोधी समाजवादी नेते ज्याँ जोरेस यांचा खून झाला, आणि ४ ऑगस्टला जर्मनीच्या बलाढ्य समाजवादी पक्षाने संसदेत युद्धकर्जाला मत दिले. डिसेंबरच्या मतदानात त्याविरुद्ध उभा राहिला तो त्या पक्षाचा एकटा सदस्य कार्ल लिबक्नेख्त. लक्षावधी सभासद, वृत्तपत्रे, निधी, सारे काही असूनही ती संघटना चार दिवसांत कोलमडली, कारण युद्धाच्या प्रश्नावर तिने ठराव केले होते, पण कारखान्यात, पाळीपाळीत, माणसा-माणसाशी बोलून तयारी केली नव्हती, असे माझे मत झाले आहे. संप हा युद्ध सुरू झाल्यावर आठवण्याचा विषय नाही. जानेवारी १९१८ मध्ये बर्लिनच्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांनी काम थांबवले, ते साडेतीन वर्षांच्या कत्तलीनंतर.

आपल्याकडची परंपरा याबाबतीत कमी नाही. १९२० साली आयटक या देशव्यापी कामगार महासंघाच्या स्थापनेच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना लाला लजपत राय यांनी साम्राज्यशाही आणि लष्करशाही यांना भांडवलशाहीची जुळी अपत्ये म्हटले होते. २ ऑक्टोबर १९३९ रोजी, युद्ध जाहीर होऊन महिना झाला असताना, मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. तेव्हा गिरणगाव उठले. आणि पाच महिन्यांनी, ५ मार्च १९४० पासून, याच कामगारांनी महागाई भत्त्यासाठी ४० दिवस गिरण्या बंद ठेवल्या. या दोन संपांना मी वेगळे मानत नाही. पहिला म्हणत होता, की हे युद्ध आमचे नाही. दुसरा म्हणत होता, की त्याचा खर्च आम्ही देणार नाही. १९४५ मध्ये इंडोनेशियाचे स्वातंत्र्य चिरडायला निघालेली डच जहाजे ऑस्ट्रेलियाच्या गोदी कामगारांनी अडवली, तेव्हा त्यांच्या बरोबरीने भारतीय खलाशीही जहाजांवरून उतरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या मोठ्या बंदरांतल्या कामगारांच्या जलवाहतूक महासंघाने जाहीर केले, की इस्रायलला जाणारी शस्त्रास्त्रे आम्ही चढवणार-उतरवणार नाही. या बातमीला मराठी वृत्तपत्रांत फारशी जागा मिळाली नाही, याचे मला दुःख आहे.

आमच्या युनियनच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठराव मांडायचे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. युद्ध किंवा तणावाच्या नावाखाली वेतनाची बोलणी थांबवली जाऊ नयेत. ज्या भागांवर आम्ही काम करतो त्यांचा अंतिम उपयोग युनियनला कळवला जावा. परदेशातल्या नागरिकांवर वापरल्या जाणाऱ्या शस्त्रांचे काम असेल तर ते नाकारण्याचा हक्क कामगाराला असावा. आणि आमच्या यंत्रांवर दुसरे काय बनू शकते, याची पाहणी आम्ही स्वतः करावी. शेवटच्या मुद्द्यावर माणसे आपण होऊन बोलू लागली आहेत. एका टर्नरने द्राक्षबागेच्या फवारणी यंत्राचे नोझल सुचवले, दुसऱ्याने दवाखान्यातल्या खाटांचे सांधे, टूलरूममधल्या एकाने कृत्रिम पायाच्या गुडघ्याचे रेखाटनच काढून आणले. तिसऱ्या मुद्द्यावर मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. ऑर्डर गेली तर पहिली गदा कोणावर येईल, हे विचारणाऱ्याला भित्रा म्हणता येणार नाही. ती गदा कंत्राटी मुलांवर येईल. त्यांना आमच्या युनियनचे सभासदत्व नाही, म्हणून त्यांना सभेला बसू द्यावे की नाही, यावरही काही जण हरकत घेणार आहेत. बर काढणाऱ्या त्या मुलाला आणि त्याच्या सोबत्यांना मतासह सभेत बसवावे, अशी दुरुस्ती मी लेखी दिली आहे, आणि ठरावावरची चर्चा त्या दुरुस्तीपासून सुरू करावी, अशी विनंती अध्यक्षांना केली आहे.